मतपेढीचा हरवलेला शेठ

निवडणूक लागली की आपल्याकडे दोन शब्दांची सुगी सुरू होते. एक आचारसंहिता, दुसरा मतपेढी. आचारसंहिता निकालाबरोबर उठते, मतपेढी बारमाही. संध्याकाळच्या चर्चेत पडद्यावरच्या चौकटींतले सहा जण एकमेकांवर तुटून पडलेले असतात. त्यातले चौघे दुसऱ्यावर मतपेढीचं राजकारण केल्याचा आरोप करतात आणि उरलेले दोघे आपली मतपेढी शाबूत असल्याची ग्वाही देतात. पारावर, सलूनमध्ये, एसटीत हाच शब्द. तो इतका अंगवळणी पडलाय की कुणीतरी, कधीतरी, एका खेड्याकडे पाहून तो पहिल्यांदा कागदावर उतरवला असेल, हे मनातही येत नाही.

तो उतरवला एका समाजशास्त्रज्ञानं, १९५५ साली. समाजशास्त्राचा चार लोकांच्या चर्चेला उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी या शब्दाची गोष्ट सांगतो. ती या शास्त्राची बढाई नाही. उलट थोडी फजितीच आहे.

म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास हे त्यांचं नाव. जन्म म्हैसूरचा, १९१६ सालचा, पण समाजशास्त्राची दीक्षा मुंबईत. मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारानं सुरू केला आणि १९२४ पासून तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाती आला. घुर्ये स्वतः ग्रंथांत रमणारे, पण विद्यार्थ्यांना मात्र ते बाहेर पिटाळत. त्यांच्या हाताखालून श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले आणि १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहायला आले. लेखनात त्यांनी गावाला रामपुरा असं टोपणनाव दिलं.

राहायला म्हणजे खरोखरच राहायला. गावच्या पाटलानं त्यांना बैल बांधायच्या घरात जागा दिली. श्रीनिवास अय्यंगार ब्राह्मण, म्हणून सोबत स्वयंपाकी आणलेला. एक बारीकशी गोष्ट त्यांनी पुढे सांगितली आहे. त्यांना आंघोळीनंतर दाढी करायची सवय होती. शहरात कोण बघतंय? गावात बघितलं गेलं. वस्तरा लागला की विटाळ, म्हणून दाढी आधी आणि आंघोळ मग, असं शेतकरी जातीच्या पाटलानं या परदेशी पदवीच्या ब्राह्मणाला ऐकवलं. मला ही गोष्ट फार आवडते. वर्णाच्या उतरंडीत खालचा मानलेला माणूस वरच्याला सोवळं शिकवतो, आणि वरचा मुकाट्यानं ऐकतो, कारण जागा पाटलाची, जमीन पाटलाची, गावातला शब्द पाटलाचा. पोथीत जातीचं चित्र एक, ओसरीवर दुसरं. श्रीनिवासांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी या ओसरीवर पडलं.

त्या ओसरीवर काय चालायचं? कुणी पेरणीसाठी भात उसनं मागायला यायचं, कुणी बांधावरून भांडून न्याय मागायला, कुणी खंडानं जमीन कसायला मागण्यासाठी. पाटील कुणाला हो म्हणायचा, कुणाला ताटकळत ठेवायचा. ज्याची चूल पाटलाच्या भातावर पेटते तो त्याचा माणूस. स्वातंत्र्य आलेलंच होतं, पाठोपाठ १९५१–५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली आणि प्रत्येक सज्ञान माणसाच्या हातात एक मत पडलं. जमीनदाराला एक, त्याच्या सालगड्यालाही एकच. उमेदवार खेड्यात आला तेव्हा तो झोपडी-झोपडीपुढे हात जोडत फिरला नाही. सरळ ओसरीवर गेला. तिथं बसलेल्या माणसाकडे पंचवीस-पन्नास घरांची मतं ठेवीसारखी जमा होती. ती काढून द्यायची, बदल्यात बसचा परवाना, भाताच्या गिरणीचा परवाना, पोराला कॉलेजात प्रवेश असलं काहीतरी पदरात पाडून घ्यायचं. या व्यवहाराला श्रीनिवासांनी ‘व्होट बँक’ म्हटलं.

म्हणजे मूळ शब्दात बँक होती एका माणसाची. जातीची नव्हे, धर्माची नव्हे. गरीब कुळं, मजूर, कर्जदार हे ठेवीदार. तेही राजीखुशीचे नव्हेत, नाइलाजाचे. व्याज खाणारा होता ओसरीवरचा शेठ.

मराठीनं इथं नकळत कमाल केली आहे. बँकेला आपण मतपेढीत चक्क पेढी म्हटलं. बँकेचा मालक कुणाला दिसत नाही. काउंटरपलीकडे पगारी कारकून असतो. पेढी म्हटली की गादी आली, लोड-तक्के आले, तिरप्या झाकणाची लाकडी पेटी आली, रोजकीर्द-खतावणी लिहिणारा मुनीम आला आणि गादीवर मांडी घालून बसलेला शेठ आला. पेढीला नाव असतं आणि ते मालकाचं असतं. श्रीनिवासांना म्हणायचं होतं ते त्यांच्या इंग्रजी शब्दापेक्षा आपल्या मराठी शब्दात जास्त नेमकं बसलंय. आणि आपण तो शब्द वापरतो मात्र नेमका उलट अर्थानं.

शेठ गेला कुठं? तो एकदम गेला नाही. एफ. जी. बेली या अभ्यासकानं १९५९च्या ओडिशातल्या राजकारणावर लिहिताना हाच शब्द जातीच्या पुढाऱ्याला लावला. गावच्या धन्याच्या जागी जातीचा म्होरक्या आला. गादीवर कुणीतरी होतं तरी. पुढे वर्तमानपत्रांनी शब्द उचलला, पक्षांनी उचलला. १९८५चा शाहबानो निकाल आणि पुढच्या वर्षीचा मुस्लिम महिला कायदा यांवरून देशभर रान पेटलं, त्या काळात तर या शब्दाची धार आणखी वाढली. आता मतपेढी म्हणजे एक अख्खा समाज, जो म्हणे डोळे झाकून एकगठ्ठा मत देतो. दलित मतपेढी, मुस्लिम मतपेढी, मराठा मतपेढी, ओबीसी मतपेढी. गादी रिकामी आणि पेढी मात्र चालू.

शब्दाचा अर्थ बदलला तर बिघडलं काय? शब्द बदलतातच. पण इथं दोष एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर गेला. पहिल्या अर्थानं पाहिलं तर उपाय सुचतात ते कुळकायद्याचे, सहकारी कर्जाचे, गुप्त मतदानाचे. म्हणजे माणूस शेठच्या हातातून सुटेल असे. दुसऱ्या अर्थानं पाहिलं तर उपाय एकच उरतो, मतदाराला उपदेश करण्याचा.

शिवाय शेठ मेलेला नाही. आपल्या तालुक्यात निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय बोललं जातं ते आठवा. “आमच्या गावानं तुम्हाला साडेतीनशेचं लीड दिलं.” हे वाक्य बोलणारा सरपंच असेल, सोसायटीचा चेअरमन असेल, कारखान्याचा संचालक असेल, शहरात एखाद्या मंडळाचा अध्यक्ष असेल. लीड ही त्याची पावती. ती दाखवल्याशिवाय रस्त्याचं काम मिळत नाही, संस्थेला तुकडी मिळत नाही. आणि ही पावती त्याला यंत्रानं सोपी करून दिली आहे. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय कायद्यात होती, म्हणजे कुठल्या गावानं काय केलं ते झाकलं जाई. यंत्रानं मोजणी केंद्रनिहाय होऊ लागली. बूथ क्रमांक अमुक, तुमचे इतके, त्यांचे इतके. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर वापरावं असं निवडणूक आयोगानं २००८ साली सुचवलं. ते अजून अमलात आलेलं नाही. मतपेढीवर रोज रात्री घसा कोरडा करणाऱ्यांपैकी टोटलायझरवर बोललेला एकही मला आठवत नाही. शेठ पाहायची सवयच मोडली, तर त्याची पावती कुठून दिसणार?

राजकारणाच्या अभ्यासकांनीही हे नाना परींनी सांगून पाहिलं. रजनी कोठारींनी १९७० साली जात आणि राजकारण यांवरच्या पुस्तकात प्रश्नच फिरवून ठेवला: राजकारणात जात शिरली म्हणून गळा काढण्यापेक्षा राजकारणानं जातीचं काय केलं ते पाहा. त्यांनीच दिल्लीत उभ्या केलेल्या संस्थेनं १९६०च्या दशकापासून मतदारांच्या पाहण्या केल्या. एखाद्या जातीची झाडून सारी मतं एकाच पक्षाला गेली, असं अशा पाहण्यांत क्वचितच दिसतं. साठ टक्के एकीकडे गेली की आपण पेढी म्हणतो. उरलेल्या चाळीस टक्के माणसांना मग जातच उरत नाही.

श्रीनिवासांचा दुसरा शब्द मतपेढीइतका बाजारात फिरला नाही, पण न्यायालयापर्यंत गेला. वर्चस्वी जात. १९५९ साली रामपुऱ्यावरच्याच लेखात त्यांनी तो सविस्तर मांडला. गावात जिची संख्या भरपूर, जिच्याकडे जमीन, जिच्या हातात गावचा कारभार आणि जिचं सोवळ्या-ओवळ्यातलं स्थान फार खालचं नाही, ती वर्चस्वी जात. पुढे शिक्षण आणि नोकऱ्या याही खुणा त्यात आल्या. रामपुऱ्यात ती ओक्कलिगांची होती. वाचणाऱ्यांनी आपापल्या प्रांताची नावं लगेच भरली: गुजरातेत पाटीदार, हरियाणात जाट, आंध्रात रेड्डी आणि कम्मा, महाराष्ट्रात मराठा. यादी चुकीची नव्हती. फक्त एक गोष्ट हातातून निसटली. श्रीनिवासांनी मोजमाप घेतलं होतं ते एका गावाचं.

गाव निसटल्याचा परिणाम साठ वर्षांनी दिसला. २०१५ साली पाटीदार रस्त्यावर आले, २०१६च्या फेब्रुवारीत जाट, त्याच वर्षी ऑगस्टपासून महाराष्ट्रात मराठ्यांचे लाखालाखांचे मूक मोर्चे निघाले. वर्चस्वी म्हणून ज्यांची नावं पाठ्यपुस्तकांत होती तेच मागास म्हणवून घ्यायला निघाले, म्हणून कित्येकांनी खो-खो हसून घेतलं. मुख्यमंत्री यांचे, कारखाने यांचे, शिक्षणसंस्था यांच्या, आणि वर आरक्षणही यांना? सवाल बिनतोड वाटतो. पण ज्याच्या कारखान्याबद्दल आपण बोलतो तो माणूस आणि दोन एकर कोरडवाहूवर सोयाबीन लावून पोराला पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या क्लासला धाडणारा माणूस, हे एकाच आडनावाचे असू शकतात. एकाला वर्चस्व वारशात मिळालं, दुसऱ्याला त्याची फक्त आठवण मिळाली. आठवणीवर फी भरता येत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी. त्याच कोरडवाहू माणसाच्या गावात महारवाड्याचं नाव बदललं तरी रस्ता कुणाच्या शेतातून जाऊ द्यायचा हे अजून कोण ठरवतं? दोन्ही प्रश्न गावात उतरल्याशिवाय सुटत नाहीत, आणि वाद मात्र राज्याच्या पातळीवर, कोटींच्या आकड्यांत चालतो. सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला तेव्हा त्यामागे हेच वर्चस्वाचं चित्र होतं. २० फेब्रुवारी २०२४ला विधिमंडळानं पुन्हा दहा टक्क्यांचा कायदा केला तेव्हा त्यामागे लाखो घरांच्या नव्या पाहणीचा अहवाल होता.

समाजशास्त्रज्ञ एका सुरात बोलतात असा कुणाचा समज असेल तर तोही इथंच सोडलेला बरा. केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना राखीव जागा द्यायचं २००६ साली ठरलं तेव्हा आंद्रे बेतेय यांनी राष्ट्रीय ज्ञान आयोगाचा राजीनामा दिला. श्रीनिवासांनीच दिल्लीत उभ्या केलेल्या समाजशास्त्र विभागात वाढलेलं हे नाव. त्याच सुमारास सतीश देशपांडे यांनी योगेंद्र यादव यांच्याबरोबर वेगळाच आराखडा मांडला: जात धराच, पण स्त्री की पुरुष, गाव की शहर, घरची ऐपत काय, हेही गुणांत मोजा. दोन्ही बाजूंनी एकच समाज पाहिला होता.

गुणांवरून मंडल आठवणं भाग आहे. १९७९ साली नेमलेल्या मंडल आयोगाच्या अहवालाचं नाव सगळ्यांना माहीत, अहवाल उघडून पाहिलेले थोडे. त्यात मागासलेपण ओळखायच्या ११ कसोट्या आहेत. सामाजिक चार, प्रत्येकीला तीन गुण. शैक्षणिक तीन, दोन-दोन गुण. आर्थिक चार, एक-एक गुण. एकूण २२, त्यातले ११ मिळाले की जात मागास. कसोट्या वाचताना जीव गलबलतो. मुलीचं लग्न सतराच्या आत होण्याचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून किती जास्त. पाच ते पंधरा वयाची किती मुलं शाळेची पायरीच चढली नाहीत. निम्म्याहून अधिक घरांना पिण्याचं पाणी अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडून आणावं लागतं का. पोटासाठी कर्ज काढणारी घरं किती. ७ ऑगस्ट १९९० रोजी अहवाल लागू करायची घोषणा झाली आणि देश पेटला. भांडण झालं गुणवत्तेवर. त्या अर्ध्या किलोमीटरवर नाही. घागर डोक्यावर घेऊन चालणारी बाई त्या वादात आलीच नाही. कसोट्या बरोबर होत्या की चूक, गुणांची वाटणी न्याय्य होती का, यावर खुशाल भांडावं. ते भांडण तरी घागरीपर्यंत पोचलं असतं.

आता पुन्हा मोजणी येते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं ३० एप्रिल २०२५ला पुढच्या जनगणनेत जात विचारायचं ठरवलं. घुर्ये असते तर भडकले असते. १९३२च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या पुस्तकात त्यांनी इंग्रजांच्या जनगणनेवर टीका केली होती, की जाती मोजायला घेतल्या म्हणून जातींना चढ आला. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. १९०१ साली जनगणना आयुक्त रिस्लेनं जाती नुसत्या मोजल्या नाहीत, त्यांना श्रेष्ठ-कनिष्ठ अशा क्रमानं लावलं; मग आमचा क्रम वर लावा म्हणून सरकारकडे अर्जांचा पाऊस पडला. आपल्याकडेही त्या दशकांत कित्येक कुणबी घराण्यांनी मराठा अशी नोंद करून घेतली. वरच्यांची रीत उचलून वर सरकण्याच्या या धडपडीला श्रीनिवासांनी पुढे संस्कृतीकरण म्हटलं. आधी ब्राह्मणीकरण म्हणत होते, पण सगळ्यांना ब्राह्मणच व्हायचं नसतं, कुणाला क्षत्रिय व्हायचं असतं, हे ध्यानात आल्यावर शब्द बदलला. काळाचा महिमा असा की त्याच घराण्यांचे पणतू आज आरक्षणासाठी तहसील कचेरीत कुणबी नोंद शोधतात. मोडी लिपी येणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. २०२३ नंतर मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी सुगीचे दिवस आले. जन्म-मृत्यूची नोंदवही, खासरापत्रक, शाळेचं जुनं रजिस्टर. पणजोबांनी खोडलेला एक शब्द पिवळ्या कागदावर सापडावा म्हणून बोट ओळीवरून फिरतंय.

पण मोजणार कसं? २०११ साली सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली तेव्हा देशभरातून ४६ लाखांच्या वर नावं आली. १९३१च्या जनगणनेत ती ४,१४७ होती. महाराष्ट्रात सरकारी याद्यांत ४९४ जाती; पाहणीत निघाल्या ४,२८,६७७. केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात हे आकडे देऊन सांगितलं की माहिती निरुपयोगी आहे. स्पेलिंगं वेगळी, आडनावंच जात म्हणून लिहिलेली, पोटजात, कूळ, गोत्र सगळं एकत्र.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांना या आकड्यांचं फारसं आश्चर्य वाटलं नसतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून आणि त्याहून जास्त महाराष्ट्रभर पायपीट करून त्यांनी हेच सांगितलं होतं की ज्याला आपण जात म्हणतो तो बहुधा जातींचा पुंजका असतो. कुंभार घ्या. सगळे मडकीच घडवतात. पण थोरचाके कुंभार वेगळे आणि लहानचाके वेगळे. चाकाचं माप निराळं, आणि बेटीव्यवहार आपापल्यातच. बाहेरच्याला एक जात दिसते, आतल्याला दोन. कर्व्यांचा प्रश्न साधा असे: मुलगी कुणाला देता, कुणाची करता? उत्तर जिथं थांबतं तिथं जात थांबते. त्यांनीच १९६९ साली जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिथंही विचारणा अशीच घरगुती होती: नव्या जागी शेजारी कोण आला, सोयरे किती लांब गेले. धरण हवं की नको यावर बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते. उठलेल्या माणसाला जाऊन विचारणारे कमी.

जनगणनेचा प्रगणक बहुधा गावातलाच शिक्षक असेल. फॉर्म किंवा मोबाईल हातात घेऊन तो दारात उभा राहील आणि जात विचारेल. आमच्याकडे खेड्यात म्हाताऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो लगेच उत्तर देत नाही. पानाची चंची बाजूला सारतो, विचारणाऱ्याकडे नीट बघतो आणि उलट विचारतो: “कशापायी पाहिजे? दाखल्यापायी का सोयरिकीपायी?”